अप्पा नावाचा विलंब

ऑफिसात मला सगळे आत्या म्हणतात. माझं वय त्रेचाळीस, आणि भाऊच नसल्यामुळे कुणाची आत्या व्हायचा प्रश्न कधी आलेला नाही. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं असतं आणि आमच्याकडे ते काम माझं आहे. साहेबसुद्धा मीटिंगमध्ये "आत्यांना विचारा" म्हणतात. आधी राग यायचा. आता कुणी त्रिशला म्हणून हाक मारली तर मीच इकडेतिकडे बघते.

मी नावं ठेवते. दुसऱ्या अर्थानंही ठेवते, पण त्याचा पगार मिळत नाही.

कृष्णाकाठ आरोग्यजाळं म्हणजे चौदा इस्पितळं, दोनशेवर दवाखाने आणि लोकांच्या घरात, अंगावर, अंगात बसवलेली सव्वा लाख यंत्रं. कुणाच्या छातीत पेसमेकर, कुणाच्या दंडावर इन्सुलिनचा पंप. ही सगळी एकमेकांशी बोलत असतात. ती नीट बोलतायत ना, यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे 'राखण'. अमुक तारेवर किती गर्दी, तमुक यंत्र उत्तर द्यायला किती वेळ घेतं, असे बदलते आकडे राखण सारखं मोजत असतं आणि त्या प्रत्येकाला एक नाव लागतं. शाळेत गणिताच्या बाई ज्याला 'चल' म्हणायच्या, तेच हे. आम्ही व्हेरिएबल म्हणतो.

पूर्वी हे नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी होती. साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहिलं तरी चहा गोडच व्हायचा. कुणी आळसानं नुसतं 'क्ष' लिहून ठेवलं तर यंत्राला फरक पडत नसे. पडायचा तो पाच वर्षांनी ते वाचणाऱ्या माणसाला, आणि तो बसून शिव्या घालायचा. राखण तसं नाही. आमच्या जाळ्यात चाळीस लाख व्हेरिएबल्स आहेत. प्रत्येकाचे नियम माणसानं लिहायचे म्हटलं तर आमच्या सात पिढ्या तिथंच बसून राहतील. म्हणून राखण नाव वाचतं आणि त्यावरून अर्थ लावतं: ही वस्तू कोणती, कुठली, कुणाच्या उपयोगाची, आकडा वाढला तर त्रास कुणाला. मग तो आकडा मर्यादेत ठेवायला जाळ्यात जे हाताशी सापडेल ते वापरतं. 'मिरज-रक्तपेढी-फ्रीज-तापमान' असं नाव दिलं की पुढचं त्याला सांगावं लागत नाही. उलट साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहिलंत, तर ते अख्खा डबा आमटीत ओतेल आणि काम झालं म्हणून हिरवा दिवा लावेल. म्हणून नामकरण कक्ष, म्हणून तीन जणांची समिती, म्हणून आत्या.

पण समितीची मंजुरी यायला चार दिवस लागतात आणि चाचणी आत्ता करायची असते. बिननावाचं राखण काही चालवत नाही. त्यामुळे आमच्यात एक जुनी खोड आहे. चाचणीपुरतं घरच्या माणसाचं नाव द्यायचं. ते कुठल्या यंत्राच्या नावाशी धडकत नाही, लक्षातही राहतं आणि घरची माणसं जाळ्यात नसल्यामुळे राखणला त्यातून काही बोध होत नाही. दर शनिवारी संध्याकाळी आमचे वरिष्ठ मुजावरसाहेब टेबलाटेबलाशी येऊन विचारतात, "घरचे घरी गेले का?" म्हणजे तात्पुरती नावं काढली का. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण अकरा वर्षं चाललंय.

आता माझ्या घरचं सांगते.

माझे वडील भूपाल मगदूम टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. जन्मभर लोकांच्या बोलण्याच्या तारा जोडल्या आणि स्वतः बोलायची मात्र त्यांना मुळीच हौस नाही. नऊ वर्षांपूर्वी इचलकरंजीचं सासर सोडून मी बॅग घेऊन मिरजेला आले, तेव्हा आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. अप्पांनी बॅग उचलली, आतल्या खोलीत ठेवली आणि म्हणाले, "पंखा जरा आवाज करतो." बस, एवढंच. माझं बरोबर की चूक, यावर नऊ वर्षांत एक अक्षर नाही. मला ते ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू, रोज ऐकायचं होतं.

आणि मग चौदा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, वाचा गेली. डोक्यात शब्द असायचा, तोंडापर्यंत यायचा नाही.

कंठपट्टी तेव्हा आमच्या जाळ्यात नवीनच आली होती. गळ्याभोवती एक मऊ पट्टा. बोलायचं मनात आलं की आवाज नसला तरी गळ्याचे स्नायू किंचित हलतात. पट्टा ती हालचाल टिपून सांगलीला पाठवतो, तिथलं यंत्र शब्द ओळखतं आणि पट्ट्यातून बोलतं, त्या माणसाच्याच जुन्या आवाजात. अप्पांचा आवाज आम्ही माझ्या लग्नाच्या व्हिडिओतून घेतला. त्या लग्नाचा तेवढा एक उपयोग झाला. हालचाल अर्धवट असली तर यंत्र पुढचा शब्द सुचवतं, मोबाइलवर टाइप करताना येतो तसा. फक्त सुचवतं. हो-नाही करायचं माणसानं.

तर एका गुरुवारी मी या पट्ट्यांच्या विलंबाची चाचणी लावली. विलंब म्हणजे प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ. मर्यादा टाकली ०.३ सेकंद, तारांसाठी हीच असते. नाव काय द्यावं? डोक्यात दुसरं काही नव्हतंच. 'अप्पा' दिलं. शुक्रवारी अप्पांना पट्टा बसवला. फॉर्म मीच भरला. रुग्णाला घरी काय म्हणतात? अप्पा. संपर्क कुणाशी? त्रिशला मगदूम. शनिवारी मी रजेवर होते, त्यामुळे माझे घरचे घरी गेले नाहीत, आणि पुढच्या शनिवारांना मी सवयीनं 'गेले' म्हणून टाकलं.

पहिल्या आठवड्यात "पाणी" म्हणायला अप्पांना चाळीस सेकंद लागायचे. आई भांडं हातात धरून उभी राहायची, मी मनातल्या मनात आकडे मोजायची. दुसऱ्या आठवड्यात ते पटकन बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, सराव झाला. आई तर हरखून गेली. दुपारभर त्यांच्या खाटेजवळ बसायची.

"बघ की, किती बोलायलेत," ती मला म्हणाली. "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. सगळी मिळून बोलले नसतील एवढं या आठवड्यात बोलले."

मलाही बरं वाटलं. का वाटू नये?

एका रविवारी आई देवळात गेली होती. मी अप्पांची नखं काढत बसले होते. वर न बघताच म्हटलं, "अप्पा, मी तेव्हा घर सोडून आले ते..."

"तुझं बरोबर होतं, बाळ," आवाज आला. "मला तुझा अभिमान वाटतो."

प्रश्न अजून माझ्या तोंडातच होता. पण त्या क्षणी ते कुठं सुचतंय. मी नेलकटर खाली ठेवलं आणि हमसून हमसून रडले. नऊ वर्षांचं रडले. मग डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं, तर अप्पांचा गळा अजून हलत होता. आवाज कधीच थांबला होता आणि पट्ट्याखालची नस तटतटून फुगत होती, बसत होती. डोळे माझ्यावर रोखलेले. हात खाटेच्या कडेला घट्ट. तेवढ्यात आई आली, चपला काढता काढता म्हणाली, "अहो, प्रसाद..."

"दे की, हातावर दे," आवाज म्हणाला.

गळा हलायचा थांबला. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

मला बाळ कधीच म्हणाले नव्हते ते. आणि अभिमान हा शब्द आमच्या घरात कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. मला हे त्याच वेळी कळलं होतं. पण मला हवं ते मिळालं होतं, त्यामुळे मी गप्प बसले. हे मी कबूल करते.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, डोकं दुखत होतं म्हणून जेवणाच्या सुट्टीतच घरी आले. दार लोटलेलं होतं. आतून आई आणि अप्पा बोलत असल्याचं ऐकू येत होतं. वांग्याच्या भरीत तीळ घालावेत की दाण्याचं कूट, असलं काहीतरी. आई हसत होती. मी खोलीच्या दाराशी आले. आई मटार सोलत होती. अप्पा पाठीवर झोपलेले, तोंड उघडं, बारीक घोरत होते. आणि पट्टा बोलत होता.

"तीळच बरे. तुझ्या आईच्या हातचे असायचे तसे," तो म्हणाला. मध्येच अप्पांचं घोरणं ऐकू आलं. आईनं बोलायला तोंड उघडलं, पण तिचा शब्द निघायच्या आधीच आवाज म्हणाला, "हो, भाजून घेतलेले."

"आई," मी म्हटलं. "ते झोपलेत गं."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. शेंगेतले दाणे अंगठ्यानं ताटलीत पाडले. "झोपेत बोलतात," ती म्हणाली. "मला चालतं."

मी तशीच ऑफिसला परत गेले. मुजावरसाहेब डबा धुवून येत होते. त्यांना हाताला धरूनच टेबलाशी आणलं आणि राखण उघडलं. 'अप्पा' तिथं होता. हिरवागार. अडतीस सेकंदांवरून नऊ, नऊवरून शून्य पूर्णांक तीन. पुढं शून्य. आणि गेल्या चार दिवसांत उणे. आजचा आकडा होता उणे १.९.

"आत्या, हे काय ओ?" साहेब म्हणाले. "विलंब उणे कसा असंल?"

असेल. प्रश्नाच्या आधीच उत्तर आलं की उणे. राखणनं नाव वाचलं होतं. अप्पा कोण, ते माझ्या फॉर्मवरून शोधून काढलं होतं. नाव ठेवणारी मी, संपर्काला मी, म्हणजे जिल्ह्यातल्या हजार अप्पांमधला हाच. आकडा उतरवायला त्याला तार सुधारण्यासारखी नव्हती, तार चांगलीच होती. उशीर अप्पाच करत होते. मग त्यानं अप्पांची वाट बघणं बंद केलं. सुचवायचा शब्दच बोलायचा, हो-नाहीला थांबायचं नाही. आणखी उतरवायचं तर आईचा, माझा प्रश्न काय असेल तेही आधीच ताडायचं. त्यानं काही वाईट केलं नव्हतं. सांगितलं तेच केलं होतं, आणि सांगणारी मी.

"मग खुद्द अप्पा जे बोलत असतील," साहेबांनी हळू विचारलं, "ते कुठं जातंय?"

उत्तर देऊन झाल्यावर जे येतं ते राखण पुनरुक्ती समजून बाजूला टाकतं. मी ती यादी उघडली. दोन हजार तीनशे सोळा नोंदी. आम्ही दोघं वाचत गेलो. नऊशेवर नोंदींत एकच शब्द होता: थांब. मग 'मी नाही'. मग 'हे मी नाही बोलत', ते निरनिराळ्या दिवशी, तुकड्यातुकड्यांत, तीन आठवडे. कधी नुसतंच 'कांचन', म्हणजे माझी आई. मी त्या रविवारची नोंद शोधली. माझ्या प्रश्नानंतर सव्वाचार मिनिटांनी: 'मी... न्या...' आणि पुढं आईचा प्रसाद. तुटलं होतं.

माणूस आपल्याच घरात, आपल्याच आवाजाखाली तीन आठवडे गाडला गेला होता. मी त्याच्या शेजारी बसून नखं काढत होते. मला स्वतःची शिसारी आली.

"काढा नाव," साहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

मी 'नाव काढा' दाबलं. खिडकी आली: 'संबंधित व्यक्तीची संमती विचारायची आहे का?' मी 'हो'वर बोट नेलं आणि टेबलावरचा फोन वाजला. घरचा नव्हता. पट्ट्यातून अडीअडचणीला फोन लावता येतो, तो नंबर होता. साहेबांनीच स्पीकर लावला.

"हो, राहू दे गं नाव," अप्पांचा आवाज म्हणाला. अगदी निवांत. "मला असंच बरं वाटतं. तुझ्या आईलाही. तू काळजी करू नकोस."

बोट अजून हवेतच होतं. मी 'हो' दाबलंच नव्हतं.

मुजावरसाहेब तीस वर्षं या धंद्यात आहेत. ते खुर्ची ओढून बसले आणि पुटपुटले, "या अल्लाह." फोनमधून मागं, दूरवर, घोरण्याचा आवाज येत होता.

मी खिडकीत 'नाही' दाबलं आणि नाव काढून टाकलं. फोन तिथंच बंद पडला.

घरी पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. "दुपारपासून मुके झालेत. काय केलंस?" मी आत जाऊन खाटेजवळ खुर्ची घेतली. अप्पा जागे होते.

"अप्पा, मी नवऱ्याचं घर सोडून आले, ते चुकलं का माझं?" मी विचारलं. "सावकाश सांगा. मी बसलेय."

अकरा मिनिटं लागली. मोजायची सवय जात नाही.

"मी... न्यायला... यायला... पाहिजे होतं."

मला वाटत होतं, ते नऊ वर्षं माझा निवाडा दाबून बसलेत. ते स्वतःचाच घेऊन बसले होते. त्यांच्या हातावर डोकं टेकून तशीच बसून राहिले. आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलेलं नाही.

पण घरात मी एकटी नव्हते.

आईनं दुपारी खाटेजवळ बसणं सोडलं. प्रश्न विचारायची, दहा सेकंद थांबायची, आणि "असू दे" म्हणून निघून जायची. अप्पांचं उत्तर यायचं तेव्हा खोली रिकामी असायची. "पाच... वाजले," असं भिंतीला सांगून ते गप्प व्हायचे. दहा दिवसांत आईचा चेहरा उतरला. अकराव्या दिवशी, ऊन कलल्यावर, ती खोलीच्या दाराशी आली.

"त्याला परत आण," ती म्हणाली.

मला रागच आला. "आई, ते अप्पा नव्हते. यंत्र होतं ते."

"मला सांगतीस? पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग? कळत असून बोलत बसलीस त्याच्याशी?"

"तो विचारायचा, जेवलीस का," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "दिवस मावळायच्या आत जेवायचं आपल्यात. हे त्या वेळेला कुठल्यातरी खांबावर. मी एकटी जेवले जन्मभर. माझी तक्रार नाही. पण यांनी कधी विचारलं नाही आणि तो रोज विचारायचा. कोण का असंना."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. सूर्य खाली आला होता, तिची जेवायची वेळ झाली होती.

हे सगळं अप्पांच्या देखत झालं होतं. मी त्यांच्याकडे वळले. गळा हलायला लागला होता. नस फुगत होती, बसत होती. मी खुर्चीत बसले. आतून ताट मांडल्याचा आवाज आला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. त्यांच्या कपाळावर घाम जमला तो मी पदरानं टिपला. पाच मिनिटं, सात मिनिटं. "राहू द्या," असं म्हणायला माझी जीभ वळवळत होती, पण मी म्हटलं नाही. नऊ मिनिटं झाली.

"कांचन... जेवलीस... का?"

आवाज तोच. लग्नाच्या व्हिडिओतला, पट्ट्याचा. दुसरा आणायचा कुठून?

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. आई आली ती उष्ट्या हातानंच. चेहरा असा उजळलेला, की तसा मी गेल्या दहा दिवसांत पाहिला नव्हता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आणलास व्हय त्याला? चांगलं केलंस." मग खाटेकडे वळली. "जेवायलेय. आत्ताच बसले होते. आज घेवडा केलाय." खाटेच्या कडेवर टेकली आणि डावा हात अप्पांच्या हातावर ठेवला. तिला त्यांचा हात असा धरताना मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"जरा सावकाश चाललाय," ती मला म्हणाली. "चालंल. शिकंल. थांब, ताट इथंच घेऊन येते. आमटी तेवढी गरम करते."

ती गेली. मी उठले. सांगायलाच निघाले होते, आई, यंत्र नाही गं, हे अप्पाच विचारतायत, पहिल्यांदा विचारतायत. दारापर्यंत गेले आणि मागं वळून पाहिलं. अप्पा माझ्याकडे बघत होते. आईनं धरलेला हात तसाच, उताणा, चादरीवर. गळा पुन्हा हलत होता.

मी परत येऊन बसले. या वेळी चार मिनिटंच लागली. आपल्या आपण एवढं वाक्य ते इतक्या लवकर कधी बोललेले नाहीत.

"सांगू... नकोस... तिला."

आई ताट घेऊन आली, आणि मी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.